तीनशे वस्तीच्या बेटाला सरकारी पैशांवर बोट कशासाठी?

विचारणारे विचारतात ते असं : दूरच्या एखाद्या बेटावर जेमतेम तीन-चारशे माणसं राहतात, बोट निम्म्याहून जास्त दिवस रिकामीच ये-जा करते आणि तिचा तोटा सरकार दरवर्षी भरून देतं. त्यापेक्षा तिकीट वाढवलं तर काय बिघडलं? खासगी मालकाकडे सोपवली तर? आणि एवढ्या पैशांत त्या कुटुंबांना किनाऱ्यावर घरं बांधून दिली तर स्वस्त नाही का पडणार?

फेरीसेवांच्या निविदा लिहिणं, आलेल्या बोली तपासणं आणि वर्ष सरलं की लॉगबुक नि हिशेब घेऊन बसणं यात माझी वीसेक वर्षं गेली. हे तिन्ही प्रश्न दर निविदेच्या वेळी कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारा दुष्ट असतो असं मुळीच नाही, उलट बरेचदा तोच एकटा हिशेबाकडे बघत असतो.

घरं बांधून देण्याचा प्रश्न आधी घेतो, कारण तो हिशेब प्रत्यक्षात मांडला गेलेला आहे. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडोर प्रांतात १९५४ ते १९७५ या काळात सरकारी योजनांखाली सुमारे ३०,००० माणसं लहान लहान वस्त्यांमधून हलवली गेली. त्याच्या कडू आठवणी तिथे अजून निघतात. आता तिथला नियम असा की मागणी गावाकडून यावी लागते, मग मतदान होतं आणि गाव उठलं तर बोट, वीज वगैरे सेवांवरचा पुढच्या २० वर्षांचा खर्च किती वाचेल ते सरकार मोजतं. बचत भरपाईहून जास्त निघाली तर घरटी अडीच लाख ते दोन लाख सत्तर हजार डॉलरच्या दरम्यान रक्कम मिळते. लिटल बे आयलंड्स या बेटावर पहिल्या मतदानात तेव्हाची ९० टक्के होकाराची अट अर्ध्या टक्क्याने हुकली. पुढे २०१९ मध्ये सगळ्यांनी होकार दिला आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला बोट आणि वीज दोन्ही बंद झाली.

म्हणजे माणसं हलवणं कधी कधी खरंच स्वस्त पडतं, ते मी नाकारत नाही. पण ते कुठे? जिथे तरुण आधीच निघून गेलेत आणि मागे राहिलेल्यांनाही निघायचंय तिथे. ज्या बेटावर शाळेत वीस पोरं आहेत, मासळी उतरते, गुरं आहेत, तिथे हा हिशेब बसत नाही. तिथली माणसं हलवली की त्यांचं उत्पन्न मागे राहतं आणि खर्च तेवढा त्यांच्याबरोबर येतो.

‘मग पूल बांधा’ असंही कुणी म्हणतं. कॅनडाचाच प्रिन्स एडवर्ड आयलंड हा प्रांत १८७३ मध्ये संघराज्यात आला तो अट घालून : टपाल आणि प्रवाशांसाठी वाफेच्या बोटीची सेवा उन्हाळा-हिवाळा चालू ठेवायची. १९९७ मध्ये तिथे जवळजवळ १३ किलोमीटरचा पूल झाला, त्या मार्गावरची बोट थांबली. अनुदान मात्र थांबलं नाही. १९९२ च्या किमतींत वर्षाला ४.१९ कोटी डॉलर अशी रक्कम ३३ वर्षं पूल बांधणाऱ्याला द्यायची असं ठरलं, आणि ती बोटीवर होणाऱ्या खर्चाच्या अंदाजावरच बेतलेली होती. पूल वाईट असं मी म्हणत नाही. अनुदान बोटीवरून उतरून पुलावर चढलं, एवढंच.

आता मुख्य मुद्दा. बोटीचा तोटा लोक दुकानाच्या तोट्यासारखा समजतात. गिऱ्हाईक आलं नाही तर माल पडून राहतो, पण निदान खरेदी कमी करता येते. बोटीला ती सोय नाही. किती माणसांचा ताफा असल्याशिवाय ती धक्का सोडू शकत नाही हे सुरक्षेच्या नियमांनी ठरलेलं असतं. आत चार प्रवासी असोत की दोनशे, सारंग तोच, इंजिनावरची माणसं तीच, डिझेलही थोड्याफार फरकाने तेवढंच. खर्च माणशी होतच नाही, तो फेरीमागे होतो. आणि बेटाला बोट हवी असते ती नेमकी पाऊसवाऱ्याच्या, पर्यटक नसलेल्या महिन्यांत, कारण डायलिसिसची तारीख हंगाम बघून पडत नाही. म्हणून मी नेहमी सांगतो की सरकार इथे तिकिटं विकत घेत नाही, वेळापत्रक विकत घेतं. ‘माणशी अनुदान’ काढून वर्तमानपत्रात छापलं की भयंकर दिसतं, पण त्या आकड्याला काही अर्थ नसतो. रात्रीच्या रखवालदाराचा पगार पकडलेल्या चोरांच्या संख्येने भागून बघा, तसंच ते.

ग्रीसमध्ये अशा मार्गांना सरळ ‘आगोनेस ग्रामेस’ म्हणतात, म्हणजे नापीक मार्ग. मला हा शब्द आवडतो, त्यात लपवाछपवी नाही. एखाद्या मार्गावर कधीच पीक येणार नाही हे एकदा मान्य केलं की ‘नफ्यात कधी येणार?’ हा प्रश्न गळून पडतो आणि ‘घेतोय ते नीट घेतोय का?’ हा खरा प्रश्न समोर येतो.

तिकीट वाढवून बघितलेलंच आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००३ च्या कायद्याने आपली फेरीसेवा स्वतंत्र कंपनी केली. भाड्याची कमाल मर्यादा आयुक्ताने ठरवायची आणि लहान मार्गांसाठी सरकारने ठराविक सेवाशुल्क द्यायचं, अशी रचना. पुढची दहाएक वर्षं लहान मार्गांवर भाडी चढत गेली, प्रवासी घटले, २०१४ मध्ये फेऱ्याही कापल्या. खर्च फेरीमागे होतो हे लक्षात असेल तर पुढचं सांगायला नको : प्रवासी घटले तरी खर्च घटत नाही, तूट उलट वाढते आणि पुन्हा भाडेवाढीची मागणी होते. शेवटी २०१८ मध्ये लहान आणि उत्तरेकडच्या मार्गांवरची भाडी १५ टक्क्यांनी खाली आणावी लागली.

भाडं भरपूर उतरवलं म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. स्कॉटलंडने ऑक्टोबर २००८ पासून वेस्टर्न आयल्स, कोल आणि टायरी या बेटांच्या मार्गांवर एक सूत्र आणलं : तेवढंच अंतर रस्त्याने गाडी चालवत गेलो असतो तर जो खर्च आला असता, त्याच्याशी बोटीचं भाडं जोडायचं. २०१५ पर्यंत पश्चिम किनाऱ्यावरच्या इतर मार्गांनाही ते लागू झालं. कल्पना न्याय्य आहे, बोट म्हणजे रस्ताच, हे मलाही पटतं. झालं काय, तर पर्यटकांच्या गाड्या आणि घरासकट फिरणाऱ्या कॅम्पर व्हॅन यांनी उन्हाळ्यातली गाड्यांची जागा आठवडेच्या आठवडे आधी भरून जायला लागली आणि दोन दिवसांनी दवाखान्यात जायचं असलेल्या बेटकऱ्याला जागा मिळेना. ज्याच्यासाठी स्वस्त केलं तोच धक्क्यावर उभा. भाडं हे नुसतं उत्पन्न नसतं, ते रांगही लावत असतं. ते काढलंत तर रांग लावायची दुसरी सोय करावी लागते, म्हणजे रहिवाशांसाठी प्रत्येक फेरीत काही जागा आदल्या दिवसापर्यंत राखून ठेवणं वगैरे.

यावर काहींनी पैसे बोटमालकाला न देता प्रवाशाला द्यायचा मार्ग धरला. ग्रीसने २०१८ पासून बेटांवरच्या रहिवाशांना बोटीचं भाडं आणि जमिनीवरच्या तेवढ्याच प्रवासाचं भाडं यातला फरक परत द्यायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात टास्मानियाच्या मालवाहतुकीसाठी अशी योजना १९७६ पासून आणि प्रवाशांच्या गाड्यांसाठी १९९६ पासून आहे. जिथे बोटी भरपूर आहेत, फक्त महाग आहेत, तिथे हे उत्तम. पण ज्या मार्गावर कुणी बोटच लावायला तयार नाही, तिथल्या माणसाच्या खात्यात पैसे टाकून तो काय करणार? पोहणार? शिवाय ‘रहिवासी कोण’ हा वाद लगेच उभा राहतो. सुट्टीचं घर बांधलेला, वर्षाला तीन आठवडे येणारा माणूस कागदपत्रांच्या बाबतीत सगळ्यात पक्का असतो, असा माझा अनुभव आहे.

खासगीकरणाबद्दल. बहुतेक ठिकाणी खासगी चालक आहेतच, प्रश्न कराराचा असतो. युरोपीय संघात १९९२ च्या ३५७७ क्रमांकाच्या नियमाने देशांतर्गत सागरी वाहतूक खुली केली, पण बेटांच्या मार्गांवर सार्वजनिक सेवेचे करार करायची मुभा ठेवली. युरोपीय न्यायालयाच्या २००३ च्या आल्टमार्क निकालाने सरकार चालकाला देतं त्या भरपाईला चार कसोट्या लावल्या. गंमत म्हणजे खटला बोटीचा नव्हताच, जर्मनीतल्या एका बससेवेचा होता. सेवा काय द्यायची ते स्पष्ट असावं, भरपाई कशी मोजायची ते आधी ठरलेलं असावं, खर्च आणि वाजवी नफा यापलीकडे पैसे जाऊ नयेत, आणि चालक एकतर निविदेतून यावा किंवा भरपाई नीट चालवलेल्या कंपनीला आला असता तेवढ्याच खर्चावर बेतलेली असावी. युरोपाबाहेरही मी हीच चौकट वापरतो. यातली दुसरी कसोटी सगळ्यात जास्त मोडली जाते. वर्षअखेरीस जेवढा तोटा दाखवाल तेवढा भरून देऊ, असा करार केला की आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

पण आधी ठरवलेलं चुकीचं ठरवलं तर? इथे माझीच एक चूक सांगतो. एका करारात मी वक्तशीरपणाचं कलम लिहिलं होतं : १० मिनिटांपेक्षा उशिरा धक्का सोडला तर दंड, उशीर वाढेल तसा दंड वाढता. तांत्रिक कारणाने रद्द झालेल्या फेरीला मात्र फक्त त्या फेरीचे पैसे कापायचे, दंड नाही. कारण बिघडलेलं इंजिन रेटून कुणी समुद्रात जाऊ नये, हा हेतू. दीड वर्षाने लॉगबुक चाळताना दिसलं की ‘तांत्रिक कारण’ या शेऱ्याच्या फेऱ्या भलत्याच वाढल्या होत्या. आणि इंजिन असं गुणी की पुढच्या फेरीला मिनिटाच्या काट्यावर बरं व्हायचं. अर्धा तास उशिरा निघण्यापेक्षा फेरी रद्द करणं चालकाला स्वस्त पडत होतं. डिझेलही वाचत होतं. त्याने कुठलाच नियम मोडला नव्हता, नियम माझाच होता. धक्क्यावर उभ्या राहिलेल्या बाईला उशिरा का होईना पण बोट हवी असते, एवढी साधी गोष्ट मी आकड्यांच्या नादात विसरलो होतो.

तेव्हापासून मी पैसे दोन भागांत तोडतो. बोट, ताफा, विमा, देखभाल हा उभा खर्च महिन्याच्या महिन्याला ठराविक, आणि डिझेलसारखा चालता खर्च प्रत्यक्ष झालेल्या फेरीमागे, तोही इंधनाच्या भावाच्या निर्देशांकाशी बांधून. हवामानामुळे फेरी रद्द झाली तर चालकाचा ना फायदा ना तोटा. हे शेवटचं मी कधीच सोडत नाही. समोर खवळलेला समुद्र असताना कप्तानाच्या डोक्यात दंडाचा आकडा असता कामा नये.

निविदेतली आणखी एक ओळ, जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं : बोट रात्री कुठे मुक्कामाला असणार? मुक्काम किनाऱ्यावर असेल तर पहिली फेरी सकाळी बेटाकडे निघते. पर्यटक खूश, तो दिवसभर फिरून संध्याकाळी परततो. बेटावरचा माणूस मात्र ती बोट पोचून परत फिरेल तेव्हा निघणार, अकरा-साडेअकराला किनाऱ्यावर लागणार आणि कचेरीत साहेब जेवायला उठायच्या आत कसाबसा पोचणार. काम झालं नाही तर रात्र परक्या ठिकाणी. मुक्काम बेटावर असेल तर सकाळी सातला निघून तो सगळी कामं उरकून घरी येतो, आणि मध्यरात्री बाळंतीण अडली तर बोट दारात असते. फेऱ्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, अनुदानही जवळपास तेवढंच. फरक एवढाच की ताफ्याला बेटावर राहायची सोय लागते आणि चालक कंपनीला ती नको असते, म्हणून बोलीपूर्व बैठकीत या ओळीवर ‘लवचीकता’ मागितली जाते. मी ती देत नाही.

वेगाचंही असंच. कुणीतरी हौसेने ‘प्रवास पावणेदोन तासांत’ असं लिहून टाकतं. समजा अंतर २८ सागरी मैल आहे. १६ नॉटने, म्हणजे ताशी १६ सागरी मैलांनी, गेलात तर पावणेदोन तास लागतात, १४ नॉटने दोन तास. इंजिनाला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे ती पंधरा मिनिटं सोडली तर एका फेरीमागे जवळपास पाव डिझेल वाचतं. पण उलटाही हिशेब असतो. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ या खलाशांच्या कामाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे खलाशाला २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्यावी लागते. फेऱ्या संथ करता करता दिवसाचं काम १४ तासांपलीकडे गेलं की दुसरा ताफा ठेवावा लागतो आणि मग वाचलेलं डिझेल त्या पगारात कधीच विरघळून जातं. म्हणून वेळापत्रक, वेग आणि ताफा ही तीन कोष्टकं वेगवेगळ्या टेबलांवर बनवू नयेत. बहुतेक कचेऱ्यांत नेमकं तेच होतं.

जहाज कुणाचं, यावर सगळ्यात जास्त पैसे बुडतात. करार सहा ते दहा वर्षांचा, बोटीचं आयुष्य तीसच्या आसपास. नव्या बोलीदाराने एवढ्या थोडक्या मुदतीसाठी नवी बोट बांधावी अशी अपेक्षा ठेवली तर तो सगळी किंमत त्या मुदतीतच वसूल करणार, किंवा येणारच नाही. मग जुनाच चालक जुन्याच बोटीसह एकटा उरतो आणि निविदा हा नुसता सोपस्कार होतो. यावर उपाय म्हणजे बोटी सरकारी मालकीच्या ठेवून फक्त चालवण्याचं कंत्राट द्यायचं. स्कॉटलंडने २००६ पासून पश्चिम किनाऱ्यावर तेच केलं, जहाजांची मालक कंपनी वेगळी आणि चालक कंपनी वेगळी. तिथेच २०१५ मध्ये दोन बोटींची ९.७ कोटी पौंडांची मागणी नोंदवली गेली. पहिली, ग्लेन सॅनॉक्स, २०१८ मध्ये यायची होती, ती प्रवासी घेऊन निघाली जानेवारी २०२५ मध्ये. मधल्या काळात जहाजबांधणी कारखाना दिवाळखोरीत जाऊन सरकारच्या मालकीचा झाला आणि खर्च चौपटीच्या पुढे गेला. तोवर बेटांवर म्हाताऱ्या बोटीच चालत राहिल्या, त्या बिघडल्या की एका मार्गाची बोट काढून दुसऱ्या मार्गाला लावायची. अनुदानाच्या वार्षिक आकड्यात हे काही दिसत नाही.

उलट नॉर्वेने निविदेतूनच नवी बोट काढली. रस्ते प्रशासनाने सोन्नेफ्योर्ड या जमिनीत खोल शिरलेल्या खाडीवरच्या लाविक-ओप्पेदाल मार्गासाठी कमी प्रदूषणाची अट घातली आणि २०१५ मध्ये ‘अँपियर’ ही बॅटरीवर चालणारी मोटारवाहू बोट तिथे आली, जगातली पहिली. मार्ग फ्योर्ड ओलांडणारा आहे, बेटाचा नाही, जेमतेम वीस मिनिटांचा. पण खरेदीदार एकच असेल आणि त्याला काय हवं ते नीट माहीत असेल तर बाजार हलतो, हे त्यावरून दिसलं.

मालवाहतुकीबद्दल थोडक्यात, कारण तिथला तिढा सुटलेला मी अजून पाहिला नाही. इंडोनेशियाने २०१५ पासून ‘तोल लाउत’ म्हणजे सागरी महामार्ग या नावाने दूरच्या बेटांकडे अनुदानित मालवाहू फेऱ्या सुरू केल्या. जाताना जहाज भरलेलं, येताना बरंचसं रिकामं. बेटावर पाठवण्याजोगा माल असेल, तो साठवायला शीतगृह असेल, तर परतीचं भाडं निघतं, पण शीतगृह बांधणं बोटीच्या खात्याच्या हातात नसतं. आणि जाणारं भाडं कमी झालं तरी बेटावरच्या दुकानात भाव तेवढा उतरेलच असं नाही, मधला व्यापारी एकटाच असेल तर सवलत त्याच्याकडेच थांबते.

तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोरच्या बोटीवर पैसा वाया जातोय का हे पाहायचं असेल तर माणशी अनुदान काढू नका. आडहंगामातल्या एखाद्या महिन्याचं लॉगबुक मागा आणि किती फेऱ्या रद्द झाल्या, शेरे काय आहेत आणि पुढची फेरी वेळेवर सुटली का, ते बघा. बोट रात्री कुठे असते ते विचारा. वार्षिक दुरुस्तीला ती तीन आठवडे गोदीत जाते तेव्हा बदली बोट कोणती येते, आणि तिचा रॅम्प, म्हणजे गाड्या चढ-उतरवायची फळी, बेटावरच्या धक्क्याला लागतो का, तेही विचारा. एका ठिकाणी मी बदली बोट कागदावर मंजूर झालेली पाहिली आहे, तिचा रॅम्प धक्क्यापेक्षा हातभर रुंद होता. तीन आठवडे माणसं लाँचने गेली, आणि सिमेंट, पशुखाद्य नि गॅसचे सिलिंडर किनाऱ्यावरच्या गोदामात पडून राहिले. त्या महिन्याचं अनुदान पूर्ण दिलं गेलं होतं, कारण ठरलेल्या सगळ्या फेऱ्या झाल्या होत्या.